नंबर प्लीज

माझी मावशी फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नाही. 'बोला' म्हणते. त्यातला 'बो' जरासा लांबवते आणि 'ला' अलगद खाली ठेवते, भरलेली कपबशी टेबलावर ठेवावी तसा. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आता ब्याऐंशी पूर्ण आहेत. गुडघे गेले, मोतीबिंदू झाले, पण आवाज १९६५ सालीच थांबलाय. कुरिअरवाले फोनवर तिला 'ताई' म्हणतात आणि चरईतल्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचले की 'आजी' म्हणतात. तिला याची गंमत वाटते. म्हणते, "आवाजाला सुरकुत्या उशिरा पडतात गं."

हे आधी सांगितलं, कारण मावशी नसती तर मी या लेखातल्या बाईच्या वाटेला गेलेच नसते.

गेल्या श्रावणात ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात अडकले होते. बाहेर असा पाऊस, की समोरचं दुकान दिसेना. १८९३ सालापासूनची ही संस्था. तिथं पावसाच्या दिवसात जुन्या कागदाचा वास जरा जास्तच दाटतो. हाताला लागेल ते चाळत बसले होते, त्यात एका जुन्या दिवाळी अंकात मूकपटांवरचा लेख निघाला. पानाच्या कोपऱ्यात पोस्टाच्या दोन तिकिटांएवढा फोटो. कुरळे केस, मोठे डोळे, मिटलेले ओठ. खाली नुसतं 'सुलोचना'.

मराठी घरात सुलोचना म्हटलं की दोघीच. एक सुलोचनादीदी, सगळ्या सिनेमासृष्टीची आई. दुसऱ्या सुलोचना चव्हाण, लावणीच्या. ही तिसरी कोण, म्हणून वाचत गेले. तिसरी कसली, काळाच्या हिशेबानं तीच पहिली. खरं नाव रुबी मायर्स. जन्म १९०७, पुणे. धर्मानं ज्यू. सिनेमात येण्यापूर्वीचा व्यवसाय: टेलिफोन ऑपरेटर.

पाऊस थांबायची वाट न बघता मी घरी निघाले. रात्री मावशीला फोन केला.

"सुलोचना? दीदी? त्या कशाला ऑपरेटर असतील, काहीतरीच."

"दीदी नव्हे गं. मूकपटातली. मोहन भवनानी म्हणून दिग्दर्शक होते कोहिनूर कंपनीत, त्यांनी तिला सिनेमात ये म्हणून विचारलं. आधी ती नाहीच म्हणाली. अभिनय कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. त्यांनी पिच्छाच पुरवला, मग गेली."

"नोकरी सोडून?"

"हो."

"पक्की होती?"

"मावशी, १९२५ सालची गोष्ट आहे."

"म्हणून काय झालं. कच्ची-पक्की तेव्हाही असणारच की."

पुढच्या रविवारी तिच्याकडे गेले तेव्हा ती वाटच बघत होती. ऑपरेटर म्हणजे काय करायचीस, हे मी तिला जन्मात कधी विचारलं नव्हतं. आम्हा भाचरांना एवढंच माहीत, की मावशीला नाईट ड्युटी असते आणि दिवसा ती झोपलेली असताना जिन्यात ओरडायचं नाही.

तिनं मिसळणाचा डबा पुढ्यात ओढला. झाकण काढलं. "हा बोर्ड," म्हणाली. सात वाट्या, सात भोकं. हळद पुणं, मोहरी नाशिक, जिरं नागपूर, तिखट इंदूर. दोन चमचे घेतले, त्यांच्या दांड्या एकमेकींना दोऱ्यानं बांधल्या. "ही कॉर्डची जोडी. दिवा लागला की मागची कॉर्ड इथं घालायची." एक चमचा हळदीत. "बोलायची खटकी पुढे करायची. नंबर प्लीज. त्यानं नंबर सांगितला की पुढची कॉर्ड तिकडे." दुसरा चमचा मोहरीत. "रिंग द्यायची. लागला की खटकी मागे घ्यायची आणि आपण बाहेर." आणि मग ते हात सुटलेच. तिखटातून जिऱ्यात, जिऱ्यातून धन्यात, एकीकडे डाव्या हातानं हवेत तिकीट लिहिणं चालू. तिकीट म्हणजे कॉलची चिठ्ठी: कुठून, कुठे, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग, सुरू किती वाजता, संपला किती वाजता. ब्याऐंशी वर्षांच्या त्या हातांना कुठली वाटी कुठे आहे हे बघायला लागत नव्हतं. टेबलावर हळद-तिखटाचा सडा पडला, तो मीच पुसला.

"आणि त्यांचं बोलणं ऐकायचात?"

"ऐकायचं नाही असा नियम होता."

"म्हणजे ऐकायचात."

"ऐकू यायचं," मावशी म्हणाली. यात फरक आहे म्हणे.

रुबी मायर्सच्या तरुणपणी तर परगावचा ट्रंक कॉल सोडाच, पलीकडच्या गल्लीतल्या घरी फोन करायचा तरी मधे ऑपरेटर लागायची. रिसीव्हर उचलला की कानात एक मुलगी. तिचा चेहरा कोणी बघायचा नाही, बघायची सोयच नव्हती. नोकरी निव्वळ आवाजाची. अशा नोकरीतून उठून ती गेली कुठे, तर जिथे आवाजाला काडीची किंमत नाही आणि सगळा व्यवहार चेहऱ्याचा, तिथे. हे मला इतकं विलक्षण वाटलं की त्यापुढे तिचे हिरो, गाड्या, प्रेमप्रकरणं सगळं फिकं पडलं. लेख लिहिणारे मात्र 'टेलिफोन ऑपरेटर होती' हे अर्ध्या वाक्यात उरकतात आणि गाडीवर येतात. १९३५ ची शेवरलेट. असो, गाडीवर मीही येणारच आहे.

मराठी माणसाला सिनेमाची सुरुवात तोंडपाठ असते. १९१३, फाळके, 'राजा हरिश्चंद्र'. तारामती व्हायला बाई मिळेना, वेश्यावस्तीतूनही नकार आले, शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई आल्या खऱ्या. आई पार्वती, मुलगी मोहिनी. पण त्या मुळात नाटकातल्या. समाजानं त्यांच्या नावापुढे जी फुली मारायची ती आधीच मारलेली होती. घरंदाज म्हणवणाऱ्या बायका काही पुढे येईनात. मग ती जागा भरली कोणी? अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींनी. कलकत्त्याची पेशन्स कूपर. रेने स्मिथ, जिची सीतादेवी झाली. आणि रुबीची सुलोचना.

या मुली टेलिफोनवर होत्या, टाइपरायटरवर होत्या, दुकानांच्या काउंटरमागे होत्या. इंग्रजी यायचं, आणि घरातून बाहेर पडून चार पैसे मिळवणं हा त्यांच्याकडे कुळाला बट्टा नव्हता. ऑफिसनं जी मुलगी उचलली तीच सिनेमानं उचलली. फक्त ऑफिसनं तिचं नाव बदललं नाही, सिनेमानं बदललं.

नाव मात्र ज्यानं कोणी ठेवलं त्याला दाद द्यायला हवी. सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची, हे झालंच. पण कीर्तनं ऐकलेल्यांना दुसरी सुलोचना आठवेल, इंद्रजिताची बायको. रणात इंद्रजित पडतो, त्याचा तुटलेला हात तिच्या अंगणात येऊन पडतो, आणि काय घडलं ते सांगायला तोंड नाही म्हणून तो हातच लिहून दाखवतो. लहानपणी कोपिनेश्वराच्या देवळात ही कथा ऐकून मला आठवडाभर झोप नव्हती. आता वाटतं, मूकपटाच्या पाट्या यापेक्षा वेगळ्या काय होत्या? तोंड नाही, म्हणून लिहून दाखवायचं.

ठाण्यात वाढलेल्या माणसाला ज्यू म्हटलं की लांबचं काही वाटत नाही. सिव्हिल हॉस्पिटलजवळचं शार हाशामाईम सिनेगॉग १८७९ चं आहे. आमच्या जुन्या चाळीत तळमजल्यावर एक इस्रायली आजी होत्या. नऊवारी, हातात हिरव्या बांगड्या, बोलणं अस्सल अलिबागकडचं. बेने इस्रायली म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालवणारी मंडळी. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आडनावं गावांवरून, चेऊलकर, पेणकर अशी. आजींकडून मलिदा यायचा. मलिदा म्हणजे गोड पोहे, भरपूर ओलं खोबरं, वर सुका मेवा आणि फळांच्या फोडी. एलियाहू हन्नाबीच्या नावानं केलेला. आम्हाला हन्नाबी कोण ते ठाऊक नव्हतं, पण त्यानं वरचेवर यावं असं वाटायचं.

रुबी मायर्स त्यांच्यातली नव्हती. तिचं घराणं बगदादी ज्यूंचं. हे लोक इराककडून व्यापाराच्या निमित्तानं आले, मुंबई-पुण्यात स्थिरावले आणि पिढी-दोन पिढ्यांत इंग्रजी बोलू लागले. आता जरा माझा तर्क. रुबी जर चाळीतल्या आजींसारखी अलिबागकडची असती, तर पुढे १९३१ साली तिच्यावर जी पाळी आली ती तितकीशी आली नसती. मराठी जिभेला हिंदुस्थानी काही फार लांब नाही. आमच्या आजी भाजीवाल्या भय्याशी बोलायच्या ते हिंदी अगाध होतं, पण बोलायच्या बेधडक.

'वीरबाला' हा १९२५ चा तिचा सुरुवातीचा सिनेमा. आणि १९२६ साली कोहिनूरनं काय करावं? तिला घेऊन 'टेलिफोन गर्ल' काढला. दिग्दर्शक होमी मास्टर, गुजराती नाव 'टेलिफोननी तरुणी'. टेलिफोनवर काम करणारी मुलगी आणि तिच्यावर भाळलेला वकील.

हे मावशीला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. "मूकपटात टेलिफोन? दाखवणार काय, बाई कानाला डबडं लावून बसलीय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. टेलिफोनमधला आवाज काढून घेतला तर उरतं काय? दोन माणसं, दोन वेगळ्या खोल्या, दोघांच्या कानाला यंत्र, आणि मधे तिसरी. तिसरीच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं पाहिजे. तिकडचा काय बोलला, इकडच्याला काय ऐकू आलं, आणि हिला त्यातलं काय कळलं पण कळल्याचं दाखवता येत नाही. ज्या मुलीनं हे खरोखर केलंय तिला ते शिकवावं लागलं नसणार. आणि थेटरात काही शांतता नसायची. पडद्यापाशी तबला-पेटी, आणि पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी मोठ्यानं वाचून दाखवणारा एखादा. म्हणजे सुलोचनाच्या ओठांतून मुंबईत कोणा बाप्याचा आवाज यायचा. तोही आपल्या परीनं ऑपरेटरच म्हणायचा, मधल्यामधे कॉर्ड जोडून देणारा.

वकिलावरून मावशीला आठवलं. तिच्या बरोबरीची एक होती. तिचा 'ट्रंक्स' हा शब्द ऐकून इंदूरचे एक कापडाचे व्यापारी घायाळ झाले. रोज रात्री अर्जंट कॉल बुक करायचे आणि लागला की घाईघाईनं संपवायचे, मग तिकिटाचा वेळ विचारायला पुन्हा बोर्डावर. एके दिवशी थेट मुंबईत. एक्स्चेंजच्या फाटकाशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. शिफ्ट सुटली, पंधरा-वीस बायका एकदम बाहेर पडल्या. त्यांना कळेचना यातली कुठली. सगळ्या त्यांच्या समोरून तोंड मिटून निघून गेल्या आणि कोपऱ्यावर वळल्यावर हसून हसून बेजार झाल्या. पेढे वॉचमनला मिळाले.

"वाईट वाटलं नाही?"

"वाटलं ना. नंतर. त्यानं पुन्हा कॉल बुक केला नाही."

पुढची चार-पाच वर्षं म्हणजे सुलोचनाचा नुसता धडाका. चंदुलाल शहांचा 'टायपिस्ट गर्ल' (१९२६) अवघ्या सतरा दिवसांत झाला, आणि धो धो चालला. १९२७ मध्ये भवनानींचा 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे', ज्याला गुजरातीत 'मुंबईनी बिलाडी' म्हणत. त्यात तिच्या आठ भूमिका: माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोर, सोनेरी केसांची युरोपियन बाई, केळी विकणारी म्हातारी, पाकीटमार… एका बाईनं पडद्यावर पोलीस आणि पाकीटमार दोन्ही व्हायचं, १९२७ साली! चौदा वर्षांपूर्वी बाई मिळत नव्हती म्हणून पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं होतं. आता बाईच पुरुषांची कामं करून मोकळी.

'टेलिफोन गर्ल', 'टायपिस्ट गर्ल', मग १९२९ चा 'इंदिरा बी.ए.'. ही नावं नुसती एकापाठोपाठ एक म्हणून बघा. देव्या, सत्या आणि राण्यांच्या गर्दीत ही पगार घेणारी, डिग्री मिरवणारी पोर. तिला बघायला पैसे टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या लेकीला टायपिंगच्या क्लासला घातलं असेल ते सोडा, पण बघितलं तरी.

भवनानींपाठोपाठ कोहिनूर सोडून ती अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत गेली. आर. एस. चौधरींचे 'माधुरी', 'अनारकली', 'इंदिरा बी.ए.' हे तिथले. 'अनारकली'ची तर शर्यतच होती. दुसरी एक कंपनी सीतादेवीला घेऊन तोच विषय थाटामाटात करत होती. इंपीरियलनं झटपट आपला काढून आधी लावून टाकला. धंद्यात शालीनता नसते. प्रेक्षकांनाही त्याचं काही वाटलं नाही, त्यांना सुलोचना हवी होती. गांधीजी एका खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतायत अशी छोटी फिल्म दाखवायची होती, तर तिला जोड म्हणून 'माधुरी'तला सुलोचनाचा नाच लावला, तोही ध्वनीची साथ देऊन. खादी आणि सुलोचना एकाच तिकिटात. बापूंना कोणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

आता पगार. महिना ५,००० रुपये. सोबत ती शेवरलेट. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता असं एक वाक्य सगळीकडे लिहिलेलं असतं, एकाचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. मावशी आयुष्यभर सरकारी नोकरीत, तिला पटेना. "गव्हर्नरला पाच हजारांच्या आत? शक्यच नाही." तिच्या हट्टापायी शोधलं. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या परिशिष्टात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये लिहिलेला आहे. म्हणजे महिन्याला दहा हजार, बाईंच्या बरोबर दुप्पट. मावशीच खरी ठरली. मला विचाराल तर यानं सुलोचना लहान होत नाही. लाटसाहेबाच्या निम्मा पगार घेणारी माजी टेलिफोन ऑपरेटर, हे पुरेसं आहे की.

मग १४ मार्च १९३१. गिरगावचं मॅजेस्टिक थिएटर, 'आलम आरा'. सिनेमा बोलू लागला. पोलिसांना गर्दी आवरेना वगैरे आपण वाचलेलं असतं. मी त्या दिवसाकडे जरा तिरकं बघते. 'आलम आरा' काढला कोणी? इंपीरियलनं. सुलोचनाच्याच कंपनीनं. दिग्दर्शक खुद्द अर्देशीर इराणी, तिचे मालक. आणि नायिका? झुबेदा. कंपनीची सगळ्यात महागडी नटी घरात असताना पहिल्या बोलपटात दुसरीच बोलली.

कारण उघड होतं. बोलायचं हिंदुस्थानीत, आणि रुबीची जीभ इंग्रजी वळणाची. जिनं आयुष्यातली पहिली भाकरी आवाजावर कमावली, तिला आता कोणी म्हणत होतं की बाई, चेहरा ठीक आहे, आवाजाचं बघा.

तिनं वर्षभर सुट्टी घेतली आणि हिंदुस्थानी शिकली.

हे मला सगळ्यात आवडलेलं वाक्य आहे तिच्या चरित्रातलं, आणि कोणीही त्यावर थांबत नाही. पंचविशीच्या आसपासची, देशातली सर्वांत जास्त पगार घेणारी नटी. रोज सकाळी कोणासमोर तरी बसून 'क' आणि 'क़' घोटतेय. मावशीला यातलं सारं समजलं. तिच्या ट्रेनिंगमध्ये आकडे शिकवले होते. आकडे! एम. ए. झालेल्या मुलींना. 'फाइव्ह' आणि 'नाइन' तारेवर सारखेच ऐकू येतात, म्हणून दोन्ही वेगळे ताणायचे. हिंदी पत्ते येऊ लागले तेव्हा तर 'उनसठ', 'उनहत्तर', 'उन्यासी' यांनी तिला रडवलं. लोकलमध्ये ठाण्यापासून व्हीटीपर्यंत ओठांतल्या ओठांत पुटपुटत जायची. समोरची बाई एकदा म्हणाली, "कुठलं स्तोत्र म्हणता हो?"

१९३२ मध्ये 'माधुरी' बोलपट होऊन परत आला आणि सुलोचनाही. मग जुन्याच सिनेमांना तिनं एकेक करून तोंड दिलं, अगदी शब्दशः. 'इंदिरा बी.ए.' ची १९३४ साली 'इंदिरा एम.ए.' झाली (पाच वर्षं लागली, पण आपल्या विद्यापीठांचे निकाल बघता ठीकच). १९३५ ला 'अनारकली'. १९३६ ला बिलाडीची 'बंबई की बिल्ली'. समोर बहुतेक डी. बिलिमोरिया, १९३३ ते १९३९ त्याच्याशिवाय दुसऱ्या नायकाबरोबर काम केलं नाही. पडद्याबाहेरही दोघं एकत्र होती. ते संपलं आणि दोघांचीही घसरण सुरू झाली. स्वतःची 'रुबी पिक्स' ही कंपनी काढली होती, तीही फार गेली नाही. यावर रंगवून लिहिता येईल. लिहिलेलंही आहे पुष्कळांनी. मला तिथे रेंगाळायचं नाही.

१९४७ च्या 'जुगनू'वर मुंबईत बंदी आली, तेव्हा गृहमंत्री मोरारजी देसाई. एक वयस्कर प्राध्यापक सुलोचनाच्या पात्रावर भाळतो हे अनीतिकारक, असं कारण सांगितलं जातं. ती चाळिशीची होती. मावशी म्हणाली, "चाळिशीत भाळायला बंदी? आणि फाटकाशी पेढे घेऊन उभं राहायला काय कलम लागलं असतं?"

आणि मग १९५३. पुन्हा 'अनारकली'. बीना रॉय नायिका, सी. रामचंद्रांचं संगीत, लताबाईंचा आवाज. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांना पुढचं सांगायला नको. या तिसऱ्या अनारकलीत सुलोचनाही आहे, सलीमच्या आईच्या, जोधाबाईच्या भूमिकेत. पंचवीस वर्षांत अनारकलीची सासू झाली. हे गाणं-बिणं चालू असताना माझ्या मनात भलताच हिशेब चालू होता. १९२८ ची अनारकली बोललीच नाही. १९३५ ची स्वतःच्या, घोटून घोटून शिकलेल्या जिभेनं बोलली. आणि १९५३ च्या अनारकलीनं सरळ दुसरीच्या गळ्यानं गायलं, सगळ्यांना ते माहीत होतं आणि कोणाचीच तक्रार नव्हती. चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा, मधे एक तार. ही सोय १९३१ ला असती तर रुबीचं ते एक वर्ष वाचलं असतं. पण मग तिच्याबद्दल मला आज एवढं वाटलंही नसतं बहुतेक.

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. देविकाराणींनंतर हा मिळवणारी ती दुसरी स्त्री. फाळक्यांना बाई मिळत नव्हती, आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार साठ वर्षांनी रुबी मायर्सला. १९७८ च्या 'खट्टा मीठा'मध्येही छोट्या भूमिकेत आहे. तुम्ही बघितला असेल आणि ओळखलं नसेल. १० ऑक्टोबर १९८३ ला मुंबईत वारली.

आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट निघाले, त्यातले शिल्लक आहेत ते अगदी मोजके. ती फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकायची. आणि जी जळली नाही ती लोकांनी चांदीसाठी विकली. फिल्मवरच्या थरात चांदी असते. जुनी रिळं धुऊन ती काढून घ्यायची. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं १९६४ ला, तोवर बहुतेक सगळं गेलेलं. पहिला बोलपटही गेला, 'आलम आरा'ची एक प्रत नाही. म्हणजे बोलणारेही वाचले नाहीत.

मावशीला हे ऐकून विशेष काही वाटलं नाही. "आमचं कुठे काय आहे? छत्तीस वर्षं बोलले. एक शब्द टेपवर नाही." शेवटची काही वर्षं ती १९७ ला होती, चौकशीला. एसटीडी आलं, ट्रंकचे बोर्ड निघाले, कॉर्डा भंगारात गेल्या. एक प्लग तिनं पर्समध्ये टाकून आणला होता. घर रिडेव्हलपमेंटला गेलं तेव्हाच्या सामानसुमानात तो हरवला.

त्या रविवारी संध्याकाळी मोबाइलवर १९५३ ची 'अनारकली' लावली. मावशीनं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि चष्मा बदलून बसली. सुलोचना आली तेव्हा मी म्हटलं, "हीच." दागिन्यांनी मढलेली, सेहेचाळिशीची, अंगानं भरलेली. कोपऱ्यातल्या त्या फोटोतली मुलगी कुठे सापडेना. डोळे तेवढे तेच.

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघ. ऐकतेय."

"कोण?"

"ती. बाकीचे आपली पाळी यायची वाट बघतायत. ही ऐकतेय. समोरचा बोलत असताना मान बघ तिची." आणि स्वतःची मान तिनं नकळत डावीकडे कलती केली होती, हेडसेट असायचा त्या बाजूला.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. खरंच ऐकत होती.

सिनेमा संपायच्या आधीच मावशी उठली. चहाचं आधण ठेवलं, आलं किसलं. पाठमोरीच म्हणाली, "किती म्हणालीस पगार? पाच हजार?"

"महिन्याला. तेव्हाचे."

"हं." साखर घातली, पावडर घातली, झाकण ठेवलं. "आणि पेन्शन नाही."

"सिनेमात कुठली पेन्शन!"

"तेच म्हणतेय," मावशी म्हणाली. "घाई केली गं पोरीनं."